कूलंट कमी होतंय, पण गाडीखाली थेंब नाही. गळती कुठे शोधू?

बारीक गळती गरम इंजिनावरच सुकते, म्हणून थेंब दिसत नाही. मागे पांढरट किंवा कूलंटच्या रंगाचा डाग मात्र राहतो. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन होजच्या क्लॅम्पजवळ, रेडिएटरच्या कडांना आणि वॉटर पंपाखाली तो शोधा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण कृपा करून उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं.

डाग सापडला नाही तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट (कूलंटच्या यंत्रणेत दाब देऊन गळती शोधणं) करून घ्या. दोष होजचा किंवा क्लॅम्पचा निघाला तर स्वस्तात सुटाल. पंप गळत असेल तर तो बदलाच, वरून सीलंट फासून भागत नाही.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) गेल्याची शंका घ्या. मग गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.