वयामुळे कानाची हाडं झिजली, आता ऑपरेशन करावं लागेल?

‘म्हातारपणी कानातली हाडं झिजतात म्हणे. ऑपरेशन केल्याशिवाय ऐकू येणार नाही का?’ ज्येष्ठांना तपासणीला घेऊन येणारी मंडळी हे हमखास विचारतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी असलेल्या आबांची सून हीच धास्ती घेऊन आली होती. आबा 74 वर्षांचे.

आधीच्या तपासणीचा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या सुराचा किती हळू आवाज ऐकू येतो याचा आलेख, तिच्या हातात होता. 4000 हर्ट्झच्या उंच सुराला हेडफोनने 75 डेसिबल आणि कानामागच्या हाडावरून 50. आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. हाडावरून आवाज थेट आतल्या कानात जातो, म्हणून या दोन आकड्यांत असं अंतर दिसलं की दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असावा, असं धरतात. तेवढ्यावरून घरात पैशाची जुळवाजुळव सुरू झालेली. आबा एवढंच म्हणाले, “आता या वयात कान कापून काय करायचं?”

मला ते अंतर खटकलं, कारण ते फक्त वरच्या फ्रिक्वेन्सीत, म्हणजे उंच सुरांत होतं. मधल्या कानातली हाडं जखडली तर सहसा आधी खालच्या फ्रिक्वेन्सीला फटका बसतो. कानात मळ नव्हता. टिम्पॅनोमेट्रीचा आलेखही नेहमीसारखा, म्हणजे पडदा नीट हलत होता आणि मागे पाणी साचलेलं नव्हतं. मग कानाची पाळी हलकेच दाबून पाहिली, तर कानाच्या नळीचं तोंड मिटलं. वयाबरोबर नळीच्या बाहेरच्या भागातली कूर्चा सैल पडते. हेडफोनचा दाब आला की नळी बंद होते, आवाज आत पुरता पोचत नाही आणि नसलेला दोष कागदावर उमटतो. नळीत बसणारा, फोमचं टोक असलेला इन्सर्ट इअरफोन लावून पुन्हा तपासलं. 75 चा आकडा 55 वर आला, म्हणजे हाडावरच्या 50 च्या जवळ. ऑपरेशनचा विषय तिथेच मिटला.

मग वय मधल्या कानाला सोडतं का? नाही. हातोडी, ऐरण आणि रिकीब या हाडांमधले सांधे गुडघ्यांसारखेच कडक होतात, पडदाही ताठरतो. पण त्याने ऐकणं सहसा फारसं कमी होत नाही. वयाचा मोठा घाव बसतो तो आतल्या कानावर, तिथल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशींवर आणि नसेवर. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत आणि मधल्या कानाच्या ऑपरेशनने त्या नुकसानीला उपाय होत नाही.

“पण मोठ्यानं बोललं की तेच म्हणतात, ओरडू नको!” सूनबाई म्हणाल्या. आतल्या कानाच्या दोषात असंच होतं. हळू आवाज पोचत नाही आणि मोठा झाला की एकदम कानावर आदळतो. त्यात स, त, फ अशी बारीक व्यंजनं निसटतात. आबांना ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला फरक कळत नव्हता. ज्यांचा जन्म भाव ऐकण्यात गेला, त्यांना हे किती लागत असेल!

घरच्या माणसाच्या रिपोर्टवर असं अंतर दिसलं तर घाबरण्याआधी विचारा: मळ पाहिला का, टिम्पॅनोमेट्री झाली का, इन्सर्ट इअरफोनने पडताळलं का? मात्र कान वाहत असेल, दुखत असेल किंवा अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

आबांना दोन्ही कानांना मशीन लावून पाहिलं. पंख्याची घरघर फार येते, ही त्यांची पहिली तक्रार. सुरुवातीला ती येतेच. म्हणून आधी घरातच, शांत वेळी थोडा थोडा वेळ लावायला सांगितलं. आणि सूनबाईंना सांगितलं, स्वयंपाकघरातून हाक मारू नका. टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोला.