आशा धरायची, पण कशाची?

प्रश्न : राज्यसेवा पूर्वपरीक्षेत दोनदा सीसॅटमध्येच, म्हणजे उतारे आणि बुद्धिमत्तेच्या पेपरातच, अडकले. घरचे म्हणतात, आशा सोडू नकोस. नुसत्या आशेने होतं का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नुसत्या इच्छेने नाही होत, ताई. मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांच्या मांडणीत आशा म्हणजे नेमकं ध्येय, तिथवर जाण्याचे मार्ग आणि चालत राहण्याचं बळ. आमच्या मते बहुतेकांचं आधी बळ संपत नाही, मार्ग संपतो. एकच वाट धरली की ती बंद होताच सगळं संपल्यासारखं वाटतं.

म्हणून ‘पास व्हायचंय’ हे खोडा आणि आकडा लिहा. सीसॅटला २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. प्रश्न ८०, प्रत्येकी अडीच गुण, चुकीच्या उत्तराला त्याचा पाव हिस्सा वजा. १० चुकले तरी २९ बरोबर पुरतात! भीती इथेच निम्मी होते.

आता दुसरी वाट. ‘४ मिनिटांत उतारा उमगला नाही, तर सोडून बुद्धिमत्तेचे प्रश्न घेईन’ हे आधीच वहीत लिहा. ऐनवेळी सुचत नाही. सराव पेपर परीक्षेच्याच वेळी, म्हणजे दुपारीच सोडवा, कूलरसमोर कितीही झोप येवो. दर पेपरनंतर फक्त बरोबर आणि चूक यांची संख्या मांडा.