आणेवारीतली वारी पंढरपूरला जात नाही

प्रश्न आला आहे तो असा: "दुष्काळाच्या बातम्यांत कधी 'आणेवारी' तर कधी 'पैसेवारी' असतं. दोन्ही एकच का? पैसेवारी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारे पैसे का? आणि यातली 'वारी' पंढरीचीच का?"

पहिल्याचं उत्तर हो, उरलेल्या दोहोंचं नाही. 'यंदा पैसेवारी कमी मिळाली' हे वाक्य वाहिन्यांवर इतक्यांदा ऐकलंय की आता आवाज बंद करतो. पैसेवारी मिळत नसते, ती लागते किंवा येते. गावात शंभर पैसे पीक अपेक्षित असताना किती पैसे आलं, याचा तो सरकारी अंदाज. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा तुकडा आखतात, त्यातलं पीक कापून, मळून तोलतात. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. ती पन्नासच्या आत आली की जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी माफ. शब्द लिहायचाही जोडूनच, 'पैसे वारी' असं तोडून लिहिणाऱ्यांशी वाद घालत नाही. सातबाऱ्यावर भाऊबंदांचे हिस्से दाखवणारी आणेवारी वेगळी, ती सोडून देऊ.

आता 'वारी'. पंढरीची वारी संस्कृत 'वार'मधून आली, म्हणजे खेप, पाळी; 'वारंवार'मधला वार तो हा. आमच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ भाषाशुद्धीवाल्यांनी आणेवारीलाही त्याच दिंडीत उभं केलंय: आण्यांची पाळी म्हणे! आण्यांना कसली पाळी? हा '-वार' फारसी प्रत्यय आहे, 'त्या-त्याप्रमाणे, त्या हिशेबाने' या अर्थाचा. तपशीलवार, तारीखवार हे त्याचे साधे नातलग. 'ई' लागली की आकडेवारी, वर्गवारी, टक्केवारी (कंत्राटदार हा शब्द ज्या अर्थाने वापरतात, तोही चालेल). आणि या कुटुंबातला कर्ता पुरुष म्हणजे 'रयतवारी'.

माझा लाडका तर्क असा: आणेवारी हा शब्द मुंबई इलाख्याच्या कचेऱ्यांत रयतवारीच्या साच्यातच घट्ट झाला. कागदी पुरावा मागू नका. व्यवहार बघा. रयतवारीत सरकारने जमिनीचा सारा थेट एकेका खातेदारावर बसवला, तोही रोख आणि ठरलेला. पाऊस पडो न पडो, हप्ता आला की सावकाराकडे जायचं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांसाठी इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई संपली, भाव कोसळला, कर्ज राहिलं. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळल्या आणि पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. दुष्काळाला 'नैसर्गिक' म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा तोंडपाठ करावा.

सारा ठरलेला असला की तो कधी तहकूब करायचा याचं माप लागतं. ते माप म्हणजे आणे. सोळा आणे म्हणजे पुरं पीक ('सोळा आणे खरं' म्हणतो ना आपण). गंमत १९१८ सालच्या खेडा जिल्ह्याची. तो गुजरातेतला, पण मुंबई इलाख्यातला. नियम असा की पीक चार आण्यांवर न गेल्यास वर्षाचा सारा तहकूब. अंमलदार म्हणाले चारच्या वर, शेतकरी म्हणाले चारच्या आत. गांधी आणि वल्लभभाईंचा अख्खा सत्याग्रह या आण्याच्या भांडणावर उभा राहिला. पीक एकच. आणे कोण मोजणार, एवढाच प्रश्न.

मोजणाऱ्याची नियत म्हणाल तर ब्रिटिश अंमलदार सर रिचर्ड टेंपल बघा. १८७४ ला बिहारमध्ये ब्रह्मदेशातून तांदूळ आणून याच माणसाने लोक जगवले आणि उधळपट्टी केली म्हणून वरून बोलणी खाल्ली. धडा पक्का गिरवला. १८७७ च्या जानेवारीत दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी त्याने रोजच्या एक पौंड धान्याच्या किमतीवर एक आणा इतकी खाली आणली. बाईला त्याहून कमी. काम दिवसभर खडी फोडण्याचं. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. धान्य मात्र बोटीने बाहेर जातच होतं. गोऱ्या साहेबाच्या हिशेबात काळ्या मजुराच्या पोटाला किती पुरे, हेही एक माप होतं, फक्त त्याला '-वारी' लागली नाही.

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आठ आण्यांचे पन्नास पैसे. कचेरीत आणेवारीची पैसेवारी झाली आणि साहेब गेला तरी फूटपट्टी राहिली. २०१६ च्या केंद्राच्या नव्या दुष्काळ संहितेने पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, उपग्रहाने टिपलेली हिरवळ असे निर्देशांक पुढे आणले, तरी गावात अजून विचारतात तेच: "पैसेवारी किती लागली?"

'-वारी'ची मेख कळली का? ज्या एककाप्रमाणे मोजाल, ते एकक ज्याच्याकडे आहे तोच मोजला जातो. आणेवारी पिकाची. ज्याला शेत नाही त्याचे आणे शून्य, मग तो दलित वस्तीतला सालगडी असो की खडीवरची बाई. सातबारा बहुधा नवऱ्याच्या नावावर, म्हणून सवलतही त्याच्याच नावावर. हवामान बदलाच्या परिषदांतही हेच. दरडोई मोजलं तर भारतीय माणसाचा कार्बन डायऑक्साइड वर्षाला सुमारे २ टन, अमेरिकनाचा त्याच्या कितीतरी पट. म्हणूनच दरडोई हा शब्द निघाला की श्रीमंत देशांना देशवार आकडे आठवतात. १८७६ च्या त्या दुष्काळापासूनचा साचलेला धूर कुणाच्या खात्यावर, हे विचारलं की सगळेच चूप. हवामान बदलाची झळ बसलेल्या गरीब देशांसाठीच्या 'नुकसान आणि हानी' निधीला तत्त्वतः होकार यायला २०२२ ची इजिप्तमधल्या शर्म अल शेखची परिषद उजाडली.

पीक विम्यातही तेच: मागच्या सात वर्षांतल्या सगळ्यांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढतात आणि तिच्यावरून 'उंबरठा उत्पादन' ठरवतात; पीक त्याच्या खाली गेलं तरच भरपाई. सातात चार वर्षं पाऊस फसला तर उंबरठाच खाली जातो, मग भरपाई कसली?

पावसाने फसवलेली माणसं बीडहून ऊसतोडीला जातात. तिथलं एकक कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. आगाऊ उचल नवऱ्याच्या हातात. कामाचा दिवस बुडला की खाडा, खाड्याचे पैसे मुकादम कापतो. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांत गर्भाशय काढून टाकलेल्या १३ हजारांवर निघाल्या, हे २०१९ च्या सरकारी समितीनेच मोजलं. हिंदीत पाळीला 'माहवारी' म्हणतात. माह म्हणजे महिना, आणि '-वार' आपला तोच, फारसी. त्या ज्येष्ठ भाषाशुद्धीवाल्यांना कळवा, पाळी हवी होती ना, ती या शब्दात आहे.