इंदूरच्या आमच्या दुकानात बिलिंग सॉफ्टवेअर ॲडमिन खात्यातच चालतं. सुरक्षित पद्धती असूनही त्या रुजत का नाहीत?

जुनं सॉफ्टवेअर त्यांत अडतं आणि खापर सुरक्षेवर फुटतं, म्हणून. तुमचं बिलिंग बहुधा आपला डेटा विंडोजच्या 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरमध्येच लिहितं. साध्या खात्याला तिथे लिहायची मुभा नसते. विक्रेत्याला ते नीट करण्यापेक्षा 'ॲडमिनने चालवा' सांगणं स्वस्त पडतं. एसई-लिनक्सचंही (कोणता प्रोग्राम कुठल्या फाइलला हात लावू शकतो हे ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा) तेच: 2003 पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच आहे, पण वेब सर्व्हर अडला की फाइलचं लेबल (ती कोणासाठी खुली ते सांगणारी खूण) दुरुस्त करण्याऐवजी लोक ते बंदच करतात. बऱ्याचदा लेबल पूर्ववत करणारी एक 'रीस्टोरकॉन' कमांड पुरते, पण गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना लॉग कोण वाचणार! अँड्रॉइडला प्रत्येक ॲपसाठी वेगळा यूजर आयडी देऊन ॲप्स एकमेकांपासून अलग ठेवता आली, कारण सांभाळायला जुनी ॲप्सच नव्हती.

तुमच्यापुरतं: रोजच्या कामाला स्टँडर्ड खातं करा. मग फक्त डेटाच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि तिथे 'यूजर्स'ना 'मॉडिफाय' द्या. अख्ख्या सी ड्राइव्हला नको, आणि ईएक्सई (प्रोग्राम चालवणारी फाइल) असलेल्या फोल्डरलाही नको, नाहीतर व्हायरस तीच फाइल बदलेल. आधी बॅकअप घ्या. मात्र अपडेट किंवा डोंगलचा (सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी किल्ली) ड्रायव्हर टाकताना ॲडमिनचा पासवर्ड लागेलच.