सिकलसेलच्या जनुक-उपचारावरच्या लेखासोबत गाणं करून घ्यायचंय, गीतकाराला काय द्यावं?

अख्खा लेख नको, एक पान द्या, कल्पना एकच. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भाच्या जिव्हाळ्याचा विषय, नागपूरचे श्रोते चूक लगेच पकडतील.

‘बिघडलेलं जनुक दुरुस्त झालं’ ही ओळ हमखास येते, आणि ती चूक आहे. ब्रिटनने २०२३ मध्ये मंजूर केलेला क्रिस्पर (जनुकं नेमक्या जागी कापण्याचं तंत्र) उपचार त्या बिघडलेल्या जनुकाला हातच लावत नाही. गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए जनुकाचा लगाम तो रक्ताच्या मूळपेशींत सैल करतो. जन्मानंतर मागे पडलेलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होतं. गाणं यातच आहे!

गाण्याचे शब्द लेखाच्या लेखकाने तपासल्यावरच चाल लावा. नंतर शब्द बदलला की मात्रा मोडतात. गाण्याचे हक्क गीतकाराकडून लेखी घ्या. करारात मुदत नसेल तर कायद्याने हक्क ५ वर्षांपुरतेच मिळतात, प्रदेश नसेल तर फक्त भारतापुरते.