द्रव, द्रव्य आणि लाकूड

राजारामपुरीतील एका पालकांनी विचारले आहे की, आठवीतल्या मुलीने चाचणीत ‘पाणी हे द्रव्य आहे’ असे लिहिले आणि बाईंनी ते खोडून ‘द्रव’ असे केले. तर या दोन शब्दांत खरोखरच फरक आहे काय, आणि ‘द्रावण’ हा तिसरा शब्द मग कोठे बसतो?

फरक आहे, आणि तो लहान नाही. द्रव ही अवस्था आहे. द्रव्य म्हणजे ज्याला वस्तुमान आहे आणि जे जागा व्यापते ते सर्व. बर्फ, पाणी आणि वाफ ही एकाच द्रव्याची तीन रूपे असून त्यांपैकी पाणी तेवढे द्रव आहे. जोतिबाच्या डोंगराचा कातळ द्रव्य आहे, रंकाळ्यावरची हवाही द्रव्य आहे, पण त्यांतले काहीच द्रव नाही. मुलीचे वाक्य त्यामुळे खोटे नव्हते. प्रश्न अवस्थेविषयी असेल तर ते अपुरे होते, इतकेच. ‘द्रव्य’ म्हणजे पैसा हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, त्यावर शाई खर्च करत नाही.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘टँकरमधील द्रव्य रस्त्यावर वाहू लागले’, ‘बाटलीतील द्रव्य हलवून घ्यावे’ अशी वाक्ये हल्ली सर्रास वाचावी लागतात. ती शास्त्रदृष्ट्या चूक म्हणता येत नाहीत, पण लिहिणाऱ्याला द्रवच म्हणायचे असते आणि ‘द्रव्य’ त्याला अधिक भारदस्त वाटते. या घोटाळ्याच्या मुळाशी एक समज आहे, आणि तो चांगल्या संस्कृतज्ञांनीही पोसलेला आहे: ‘द्रु’ म्हणजे वाहणे, त्यावरून द्रव, आणि त्यावरूनच द्रव्य.

व्याकरणाला ही व्युत्पत्ती चालते. पण संस्कृतात दुसरा एक ‘द्रु’ आहे, ज्याचा अर्थ झाड किंवा लाकूड. ‘द्रुम’ त्यातला, ‘दारु’ आणि म्हणून ‘देवदार’ त्याच्याच गोतातले, आणि ज्या द्रोणात आपण पंगतीत आमटी वाढून घेतो तो द्रोणही मुळात लाकडी भांडे. पाणिनीने ‘द्रोश्च’ या सूत्रात याच लाकडी ‘द्रु’पासून ‘द्रव्य’ साधला आहे, म्हणजे लाकडापासून झालेले ते द्रव्य; आणि ‘द्रव्यं च भव्ये’ या दुसऱ्या सूत्रात तोच शब्द होतकरू, घडण्याजोग्या माणसासाठी सिद्ध केला आहे. तालमीतला वस्ताद नव्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून ज्या अर्थाने ‘पोरगं घडंल’ म्हणतो, नेमक्या त्या अर्थाने एखादा राजपुत्र ‘द्रव्य’ ठरत असे. कौटिल्यही शिक्षणाविषयी लिहिताना हेच म्हणतो: ‘क्रिया हि द्रव्यं विनयति नाद्रव्यम्’. संस्कार द्रव्यावर होतो, अद्रव्यावर नाही. येथे वाहण्याचा संबंध कोणी लावून दाखवावा.

माझे मत असे की, रसायनशास्त्रातले द्रव्यही याच लाकडातून निघाले आहे. सुताराच्या हाती पडणारा ओंडका हा माणसाला भेटलेला पहिला ‘कच्चा माल’. खाट, नांगर, चाक हे सगळे त्याचे आकार, आणि आकार बदलला तरी मागे उरते ते द्रव्य. ही वाट एकट्या संस्कृतने चोखाळलेली नाही. ॲरिस्टॉटलने द्रव्यासाठी योजलेला ग्रीक ‘ह्यूले’ हा शब्द मुळात लाकूड किंवा रान या अर्थाचा. लॅटिन ‘मातेरिया’ म्हणजे इमारती लाकूड. त्यातून इंग्रजी ‘मॅटर’ आले, आणि पोर्तुगीज भाषेत ‘मदेरा’ म्हणजे आजही लाकूडच. तीन प्राचीन भाषांनी एकाच वखारीतून माल उचलला असताना आमचे विद्वान तेवढे नदीकाठी उभे आहेत.

मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात लाकडाचे ‘द्रव्य’ आणि वस्तुवाचक ‘द्रव्य’ यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. ही फारकत मला मान्य नाही. पतंजलीचे ‘गुणसंद्रावो द्रव्यम्’, म्हणजे गुण जेथे एकत्र येतात ते द्रव्य, हे निर्वचन सुंदर आहे, पण ते तत्त्वज्ञाचे निर्वचन आहे, शब्दाचा इतिहास नव्हे. आणि वाहणे हेच द्रव्याचे मर्म असते तर वैशेषिकांनी, म्हणजे जगातील पदार्थांची वर्गवारी करणाऱ्या प्राचीन दर्शनाच्या पंडितांनी, ‘द्रवत्व’ हा वेगळा गुण कशाला मानला असता? त्यांची द्रव्ये ९, आणि द्रवत्व त्यांपैकी फक्त पृथ्वी, जल आणि तेज या तिघांत. त्यातही पाण्याचे द्रवत्व स्वाभाविक, तूप आणि सोने यांचे मात्र अग्नीच्या संयोगाने येणारे. गुजरीतल्या सोनाराच्या मुशीत सोने सुमारे १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, तेव्हा हा भेद आपल्यासमोरच घडत असतो. (त्यांच्या द्रव्यांत काल आणि आत्माही आहेत, हे खरे, शालेय व्याख्येने ती यादी छाटली आणि बरेच केले.)

ओघात आणखी एक: स्थायूला ‘घन’ म्हणू नये. पारा द्रव असून त्याची घनता दर घन सेंटीमीटरला १३.६ ग्रॅम आहे, तर आपल्या काळ्या कातळाची सुमारे ३. कातळाचा तुकडा पाऱ्यावर तरंगतो. ‘घनाची घनता द्रवाहून कमी’ असे मुलांना शिकवण्याची वेळ येण्यापेक्षा ‘स्थायू’ शतपट बरा.

राहता राहिले ‘द्रावण’. तेथे मात्र वाहणारा ‘द्रु’ खरा: द्रवविणे, विरघळविणे. गुऱ्हाळात काहिलीतला रस तापू लागला की भेंडीचा चिकट रस घालतात, त्याला धरून गाळ मळीच्या रूपाने वर येतो आणि गुळव्या तो काढून टाकतो. जे असे काढता आले ते विरघळलेले नव्हतेच. साखर मात्र ना गाळता येते ना वेचता येते. पाणी आटवावे तेव्हाच ती हाती लागते, कारण ती पाण्यात सर्वत्र सारखी मिसळलेली असते. अशा समांगी मिश्रणाला द्रावण म्हणतात. ते द्रवच असले पाहिजे असेही नाही: तांबे आणि जस्त यांचे पितळ हे स्थायू द्रावण आहे, आणि गाळलेली कोरडी हवा हे वायूंचे.