आयफोनमधला ‘आय’ नेमका कशाचा?

प्रश्न असा आला आहे : आयफोन, आयपॅड यांतला ‘आय’ म्हणजे इंग्रजीतला ‘मी’, की इंटरनेट? आणि नावाच्या शेवटी येणाऱ्या एस, एक्सआर वगैरे अक्षरांना काही अर्थ असतो का?

‘आय’ मुळात इंटरनेटचा. त्याचा जन्म आयफोनच्याही आधीचा, मे १९९८ मधला. अ‍ॅपलने तेव्हा आयमॅक हा संगणक जाहीर केला. खोक्यातून काढा, फोनची तार जोडा आणि इंटरनेटवर जा, हा त्याचा मोठेपणा होता. कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांना खरं तर ‘मॅकमॅन’ हे नाव आवडलं होतं. ‘आयमॅक’ सुचवलं ते जाहिरातीचं काम पाहणाऱ्या केन सीगल यांनी. सादरीकरणात जॉब्स यांनी पडद्यावर ‘आय’पासून सुरू होणारे पाच शब्द दाखवले : इंटरनेट, इंडिव्हिज्युअल, इन्स्ट्रक्ट, इन्फॉर्म, इन्स्पायर. पहिला मान इंटरनेटचा, बाकीचे त्याच्या मागोमाग आलेले. ‘मी’ या यादीत नाही. शिवाय इंग्रजीत ‘मी’ या अर्थाचा आय नेहमी मोठ्या लिपीत लिहितात आणि या नावांतला आय लहान लिपीतला आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यामुळे ‘आयफोन’ लिहिताना ही खूण आपल्याला दिसतच नाही.

आता गंमत पाहा. २००१ साली आयपॉड आला. त्याला इंटरनेट नव्हतंच! गाणी संगणकावरून तारेने भरून घ्यावी लागत. म्हणजे तीन वर्षांतच अक्षराचा अर्थ सुटला आणि अक्षर तेवढं राहिलं, एखाद्या गावावरून पडलेलं आडनाव गाव सुटल्यावरही चालू राहतं तसं. माझ्या मते या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. आयफोनपर्यंत येताना ‘आय’चा अर्थ ‘अ‍ॅपलच्या घरातला’ एवढाच उरला होता. पुढे २०१५ मध्ये घड्याळ आलं, तेव्हा कंपनीने त्याला आय लावलाही नाही; ते नुसतं अ‍ॅपल वॉच.

शेवटच्या अक्षरांची कथा आणखी सैल. २००९ च्या आयफोन थ्रीजीएसमधला एस ‘स्पीड’चा, असं कंपनीनेच सांगितलं. २०११ च्या फोर-एसमधला एस मात्र ‘सिरी’चा, म्हणजे बोलून काम सांगता येणाऱ्या मदतनीसाचा, असं नंतर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक म्हणाले. अक्षर तेच, अर्थ दोन. २०१८ च्या एक्सआरबद्दल कंपनीचे तेव्हाचे विपणनप्रमुख फिल शिलर यांनी तर सांगून टाकलं की ही अक्षरं कशाचीच आद्याक्षरं नाहीत. नुसत्या ‘आयफोन एक्स’मधला एक्स मात्र रोमन दहा. म्हणून ‘आयफोन टेन’ हा उच्चार बरोबर.

सॅमसंगने उलट २०११ मध्ये अक्षरांचा रीतसर तक्ताच जाहीर केला होता : एस म्हणजे ‘सुपर स्मार्ट’, डब्ल्यू ‘वंडर’, एम ‘मॅजिकल’, वाय ‘यंग’. गॅलेक्सी वाय हा तेव्हाचा स्वस्तातला फोन, तरुण गिऱ्हाइकांसाठी काढलेला, हे त्यावरून कळतं. यातला एस अजून टिकून आहे, पण ‘सुपर स्मार्ट’ हा विस्तार आज कुणी करत नाही.

जाता जाता, ‘सी टाइप’ केबलमधला सी चार्जिंगचा समजला जातो. तसं नाही. यूएसबीच्या ए आणि बी प्रकारच्या पिना आधी होत्या, २०१४ मध्ये तिसरा आकार ठरला, म्हणून तो सी.